क्वचित चालणारा कोड कसा सांभाळायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातले विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणारी मंडळी हे प्रश्न सतत पाठवतात. त्यांतल्या बहुतेकांचं काम मराठी-कानडी साधनांवर चालतं: जुन्या फाँटचं रूपांतर, पंचांग, जमिनीचं मोजमाप. म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. क्वचित वापरला जाणारा कोड म्हणजे नेमका कोणता? मेलेला कोड तो हाच का?

नाही. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो.

पहिला प्रकार खरोखर मृत कोडाचा. त्याच्यापर्यंत पोचायला प्रोग्राममध्ये वाटच उरलेली नसते. तो काढून टाका, त्यासाठी चर्चा लागत नाही. दुसरा प्रकार वेळ आली की चालणाऱ्या कोडाचा: 29 फेब्रुवारी, अधिकमास, डिस्क भरल्यावर होणारी सावरासावर, अर्धवट राहिलेलं अपलोड पुन्हा जोडणं. हा सगळ्यांसाठी असतो, फक्त क्वचित धावतो. तिसरा प्रकार मोजक्या लोकांचा, पण त्यांना तो रोज लागतो. वाचनालयाची जुनी सूची श्रीलिपी या जुन्या फाँटमधून आजच्या सर्वमान्य युनिकोडमध्ये आणणाऱ्या माणसासाठी ते रूपांतर म्हणजेच अख्खं सॉफ्टवेअर असतं.

दुसऱ्या प्रकाराला चाचण्या लागतात, तिसऱ्याला जबाबदार माणूस लागतो. आधी प्रकार ठरवा आणि फाईलच्या माथ्यावर दोन ओळींत लिहून ठेवा: हा कोड कुणासाठी आहे आणि कधी चालतो.

2. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टेलिमेट्री (वापराची माहिती आपोआप पाठवणारी सोय) नाही. एखादं फीचर कुणी वापरतं की नाही, हे कसं कळणार?

एका खुणेवर विसंबू नका. हा क्रम उपयोगी पडतो:

1. फंक्शनचं नाव संपूर्ण रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) शोधा. कॉन्फिग, टेम्प्लेट आणि शेल स्क्रिप्टही धरा. नाव तुकडे जोडून बनवलेलं असेल तर साध्या शोधात ते सापडत नाही, म्हणून नावाचे भागही शोधा.
2. बंद झालेले इश्यू (प्रकल्पावरच्या तक्रारी आणि चर्चांच्या नोंदी) वाचा. तीन वर्षांपूर्वी कुणी तक्रार केली असेल तर तेव्हा वापर होता.
3. सार्वजनिक कोड शोधून तुमची लायब्ररी वापरणारे इतर प्रकल्प पाहा.
4. पुढच्या आवृत्तीत तो भाग चालला की एक ओळीची सूचना दाखवा: ‘हे वापरत असाल तर या इश्यूवर कळवा’.

डाउनलोडचा आकडा इथे फसवतो. सीआय यंत्रणा (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या) दर बिल्डला तीच पॅकेजं पुन्हा उतरवतात, त्यामुळे आकडा फुगतो आणि माणसं किती ते कळत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाचं पॉपकॉन हे पॅकेज-वापराचं सर्वेक्षण फक्त स्वखुशीने माहिती देणाऱ्या यंत्रांची मोजणी करतं. तिथे शून्य दिसलं तरी वापर शून्य आहे असं सिद्ध होत नाही.

वापराचा हंगामही बघा. आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो. वजनकाट्याच्या पावत्या जुळवणारी स्क्रिप्ट जुलैत कुणी उघडणार नाही. जुलैत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून ती काढलीत, तर नोव्हेंबरात लोक अडतील. निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या.

3. कव्हरेज रिपोर्टमध्ये त्या फाईलला 0 टक्के दिसतात. काढून टाकू?

कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत कोडाचा किती भाग चालला याचं प्रमाण, तुमच्या चाचण्यांबद्दल सांगतं, वापरकर्त्यांबद्दल काहीच सांगत नाही. 0 टक्क्यांचा अर्थ एवढाच की हा भाग मोडला तर तुम्हाला कळणार नाही. आधी प्रश्न 5 प्रमाणे चाचण्या लिहा, काढायचं की नाही ते नंतर ठरवा.

4. एक विचित्र अट आहे, ती का घातली ते कुणालाच माहीत नाही. कुठे शोधायचं?

गिट कोडाचा इतिहास ठेवतं. त्यातली कुठली ओळ कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने सुरुवात करा, पण त्याचं पहिलं उत्तर बहुधा ‘फॉरमॅटिंग दुरुस्त केलं’ अशा एखाद्या कमिटकडे नेतं. डब्ल्यू हा पर्याय दिला की फक्त मोकळ्या जागांचे बदल गाळले जातात. मोठा सी दिला की दुसऱ्या फाईलमधून हलवलेल्या ओळींचाही माग लागतो. मोठे फॉरमॅटिंगचे कमिट कायमचे वगळायचे असतील तर त्यांची यादी एका फाईलमध्ये ठेवता येते. ही सोय गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. एखादा शब्द कोडात नेमका कधी आला किंवा गेला हे पाहायला ‘गिट लॉग’ला मोठा एस आणि पुढे तो शब्द द्या.

कारण सापडलं की ते लगेच त्या अटीच्या वर टिप्पणी म्हणून लिहा. पुढच्या माणसाने तेच उत्खनन पुन्हा का करावं? कारण सापडलं नाही तर ‘कारण सापडलं नाही, सध्याचं वर्तन चाचणीत नोंदवलं आहे’ असं स्पष्ट लिहा.

5. मूळ लेखक संपर्कात नाही. काय बरोबर तेच माहीत नसताना चाचणी कशी लिहायची?

बरोबर काय ते ठरवायच्या आधी, कोड आज काय करतो ते पकडून ठेवा. खरे वाटतील असे 20-30 इनपुट घ्या, आजचं आउटपुट नोंदवा, तीच चाचणी. मग एकेक ओळ त्या विषयातल्या जाणकाराला दाखवा आणि चुकीचं निघेल ते वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त करा.

जमिनीच्या क्षेत्राचं उदाहरण तपशिलात घेऊ, कारण ही चूक फिरून फिरून येते. कर्नाटकाच्या पहाणीत (सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या उताऱ्यात) क्षेत्र एकर-गुंठे-आणे या क्रमाने असतं. ‘2.20’ म्हणजे 2 एकर 20 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणून ते झाले अडीच एकर, म्हणजे 100 गुंठे, म्हणजे सुमारे 10,117 चौरस मीटर. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यात हेक्टर-आर असतात आणि 100 आरचा हेक्टर होतो, त्यामुळे तिथे टिंबाला दशांश मानलं तरी गणित जुळतं. त्याच सवयीने कुणी पहाणीवरचा विचित्र दिसणारा कोड ‘सोपा’ करून थेट दशांश संख्या वाचायला लागला, तर 2.20 एकर म्हणजे सुमारे 8,903 चौरस मीटर होतात. कागदावरच्या कागदावर 12 गुंठे जमीन गायब.

याहून बारीक अडचण अशी: संख्या म्हणून वाचलं की 2.20 आणि 2.2 यांत फरकच राहत नाही, आणि 2.2 म्हणजे 2 एकर 2 गुंठे असू शकतं. स्प्रेडशीट शेवटचं शून्य आपोआप खाऊन टाकते. म्हणून हे मूल्य शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच न्यायचं आणि टिंबावर तोडायचं. चाचणीत निदान एवढं हवं: ‘2.20’चे 100 गुंठे, ‘2.02’चे 82, ‘0.39’चे 39. ‘0.40’ला नकार द्यायचा, कारण 40 गुंठे झाले की तो 1 एकर लिहिला जातो. ‘2.2’लाही नकार देऊन वापरकर्त्याला विचारायचं, अंदाज करायचा नाही.

चाचणीसाठी खरे उतारे वापरत असाल तर नावं आणि सर्व्हे नंबर बदला. रिपॉझिटरीत एकदा गेलेली माहिती इतिहासातून काढणं फार जिकिरीचं असतं.

6. कोडाला कुणी हातही लावलेला नाही, तरी तो बंद पडला. असं का होतं?

कोड तोच असला तरी त्याच्या भोवतालचं सगळं बदलत असतं. पायथन भाषेच्या 3.12 आवृत्तीमधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बनवायचं मॉड्यूल गेलं, 3.13 मधून सीजीआय आणि टेलनेटलिबसह 19 जुनी मॉड्यूल गेली. कंपायलर कडक होतात, डिपेंडन्सीच्या (ज्यांवर कोड विसंबतो त्या लायब्ररींच्या) नव्या आवृत्त्या येतात. रोज चालणारा कोड दुसऱ्याच दिवशी बोंब मारतो, क्वचित चालणारा गप्प मोडून पडलेला असतो.

उपाय म्हणजे वेळापत्रकावर चालणारी सीआय. आठवड्यातून एकदा पुरते. दोन पद्धतींनी चालवा: एक बिल्ड आवृत्त्या गोठवून, दुसरं सगळ्या नव्या आवृत्त्यांवर. दुसरंच मोडलं तर दोष भोवतालच्या बदलात आहे हे लगेच कळतं.

यात एक खाच आहे. गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. म्हणजे ज्या शांत प्रकल्पाला त्यांची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते थांबतात. दर महिन्याला एका माणसाने ते चालू आहेत का पाहायचं, असं नावानिशी ठरवून ठेवा.

7. अधिकमासाचा कोड तर दोन-तीन वर्षांतून एकदा चालतो. तो कसा तपासायचा?

घड्याळ कोडाच्या बाहेर काढा. फंक्शनने आत ‘आजची तारीख’ विचारू नये, ती बाहेरून मिळावी. मग कुठलंही वर्ष आज तपासता येतं.

तपासायची वर्षं ठरलेली आहेत: 2018 मध्ये अधिक ज्येष्ठ, 2020 मध्ये अधिक आश्विन, 2023 मध्ये अधिक श्रावण, 2026 मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठ. प्रत्येक वर्षी चार दिवस बघा: अधिकमासाचा पहिला आणि शेवटचा, त्याच्या आदला आणि निज (अधिकानंतरच्या नेहमीच्या) महिन्याचा पहिला. 2023 ची चाचणी विशेष महत्त्वाची, कारण श्रावणातले सणवार निज महिन्यातच दाखवायला हवेत. 1963-64 आणि 1982-83 मध्ये क्षयमास (गाळला जाणारा महिना) आला होता, तीही वर्षं घाला. ‘वर्षात महिने 12 किंवा 13’ एवढंच धरून लिहिलेला कोड तिथे हमखास गडबडतो.

मराठी आणि कानडी दोन्ही पंचांगांत महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) असतो, त्यामुळे गुढीपाडवा आणि युगादी एकाच गणितातून निघतात. नावांचे तक्ते दोन ठेवा, गणित एकच ठेवा.

इंग्रजी तारखांत 29 फेब्रुवारी 2024 बरोबरच 28 फेब्रुवारी 2100 नंतरचा दिवसही तपासा. 2100 हे लीप वर्ष नाही.

8. फीचर कुणी वापरतच नसेल तर पडून राहिलं म्हणून बिघडलं कुठे?

तुम्ही वापरत नसलात तरी हल्लेखोर वापरू शकतो. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या 1.0.1 आवृत्तीत, 2012 मध्ये, हार्टबीट नावाचा विस्तार आला. फार थोड्यांना त्याची गरज होती, पण तो सुरुवातीपासून चालू ठेवलेला होता. समोरच्याने सांगितलेली लांबी न पडताळल्यामुळे दर विनंतीला सर्व्हरच्या स्मृतीतला 64 किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर जात होता. दुरुस्ती 7 एप्रिल 2014 ला आली. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जावाच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीमध्येही तसंच घडलं. लॉगच्या मजकुरातून दूरच्या सर्व्हरकडे शोध पाठवण्याची सोय बहुतेकांना माहीतही नव्हती, तरी ती सगळीकडे चालू होती. 2.16.0 मध्ये जेएनडीआय (तो शोध पाठवणारी जावाची सोय) आपोआप बंद ठेवलं गेलं आणि संदेशातले लुकअप काढले गेले.

म्हणून नियम साधा ठेवा: मोजक्यांना लागणारं फीचर मुळात बंद असावं, ज्याला हवं त्याने चालू करावं. बाहेरून आलेल्या फाईल किंवा नेटवर्कवरचा मजकूर वाचणारा क्वचितचा कोड सर्वांत आधी तपासा.

9. आमच्याकडे तो जुना फाँट किंवा ते जुनं यंत्र नाही. मग चाचणी कशी घेणार?

फाँट लागतच नाही, बाइट्स लागतात. श्रीलिपी असो की कानडीची जुनी नुडी, युनिकोडपूर्वीच्या फाईलमध्ये अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात, फाँट फक्त त्यांना वेगळा आकार देतो. वापरकर्त्याकडून मूळ फाईल झिप करून मागवा. मजकूर ईमेलात चिकटवून घेऊ नका: वाटेत अवतरणचिन्हं बदलतात. विंडोज-1252 आणि आयएसओ-8859-1 यांत 128 ते 159 या जागा वेगळ्या असल्याने नेमकी तिथलीच जोडाक्षरं हरवतात. नमुना फाईल गिटमध्ये बायनरी म्हणून नोंदवा, नाहीतर ओळीच्या शेवटची खूण बदलली जाते.

यंत्राच्या बाबतीत क्यूएमू हे दुसऱ्या यंत्राचं अनुकरण करणारं सॉफ्टवेअर बरंच काम भागवतं. बिग-एंडियन (संख्येतला मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर कोड चालतो का, हे साध्या लॅपटॉपवर एस390एक्स या मेनफ्रेमचं अनुकरण करून पाहता येतं. जे फक्त बिल्ड होतं आणि चालवून पाहिलेलं नाही, त्यापुढे दस्तऐवजात तसं लिहा.

10. झिरो-विड्थ (न दिसणारी, जागा न घेणारी) अक्षरं काढून टाकणारी ‘साफसफाई’ची पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) आली आहे. मर्ज करावी का?

मराठी मजकुरावर चालणार असेल तर अजिबात नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. जॉइनर काढला की दुसऱ्या प्रकारातला शब्द ‘दुसर्या’ होतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान मजकुराची रूपं एकसारखी करण्याची रीत) या दोन रूपांना एक करत नाही, ते काम तुमच्याच कोडाला करावं लागतं. म्हणून जॉइनर सांभाळणारी कोडाची ती नकोशी वाटणारी शाखा ठेवा आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द दोन्ही रूपांत चाचणीत घाला.

अंकांचंही असंच. पायथन 3 मध्ये अंक ओळखणारी नियमित राशी (रेग्युलर एक्स्प्रेशन) देवनागरी आणि कानडी अंकही घेते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त 0 ते 9 घेते. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना हे सुटतं.

11. काढायचं ठरलं. पायऱ्या कोणत्या?

आधी एका इश्यूत कारण, पर्याय आणि तारीख लिहा. मग पुढच्या आवृत्तीत इशारा द्या. पायथनमध्ये नेहमीची डेप्रिकेशन वॉर्निंग लायब्ररीच्या आतून आली तर सामान्य वापरकर्त्याला दिसतच नाही. लोकांपर्यंत पोचायचं असेल तर फ्यूचर वॉर्निंग वापरा. इशाऱ्यात चार गोष्टी हव्यात: काय जातंय, कुठल्या आवृत्तीत, त्याऐवजी काय, आणि आक्षेप कुठे नोंदवायचा. आपल्या भागातल्या साधनांसाठी तो मराठी आणि कानडी दोन्हींत हवा.

दोन आवृत्त्या किंवा एक वर्ष, जे जास्त असेल तेवढं थांबा. पायथनच्या त्या 19 मॉड्यूलांना 3.11 मध्ये, 2022 साली इशारा लागला आणि ती 2024 मध्ये 3.13 मधून गेली. शेवटी काढणं एकाच कमिटमध्ये करा, त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नका, म्हणजे उलटवायची वेळ आली तर एका आज्ञेत उलटवता येईल.

12. काढण्याऐवजी कॉमेंटमध्ये टाकून ठेवलं तर?

नको. तो ना चालतो ना तपासला जातो. जुना कोड गिटमध्ये आहेच. कमिटचा क्रमांक चेंजलॉगमध्ये लिहा.

13. मॉड्यूल विद्यार्थ्यांनी लिहिलं आणि आठवं सेमिस्टर संपताच सगळे गेले. आता ते कुणाचं?

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजांतून येणाऱ्या प्रकल्पांत हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यात मुलांचा दोष नाही. मॉड्यूल स्वीकारतानाच ‘शेवटची परीक्षा झाल्यावर याकडे कोण बघेल’ हे विचारायला हवं. उत्तर नसेल तर ते मुख्य पॅकेजात न घेता वेगळं जोडपॅकेज म्हणून ठेवा.

आधीच घेतलेल्या मॉड्यूलची खरी अवस्था लिहून टाका. लिनक्स कर्नलच्या मेंटेनर (देखभाल करणाऱ्यांच्या) यादीत प्रत्येक भागापुढे दर्जा असतो: पगारी देखभाल, नियमित देखभाल, जमेल तशी दुरुस्ती, बेवारस, कालबाह्य. फ्लॉपीचा ड्रायव्हर 2019 मध्ये तिथे बेवारस म्हणून नोंदवला गेला, काढला गेला नाही. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की कोड आहे, पण मोडला तर स्वतःच दुरुस्त करावा लागेल. खोटी ‘देखभाल चालू’ अशी पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

14. अनोळखी माणूस आपणहून मॉड्यूल सांभाळायला तयार आहे. द्यावं का?

आनंदाने काम द्या, किल्ल्या सावकाश द्या. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाईली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो घालणाऱ्याने आधी दीर्घकाळ उपयोगी कामं करून विश्वास मिळवला होता. घातक भाग चाचणीच्या बायनरी फाईलींत दडवलेला होता आणि तो चालू करणारी स्क्रिप्ट फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (उतरवून घेण्याच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हती. चाचणीची फाईल कुणी उघडून बघत नाही, हेच त्याने हेरलं.

यावरून तीन सवयी: प्रत्येक बायनरी नमुन्याशेजारी तो कसा तयार केला ते लिहिलेलं असावं, प्रकाशन गिटमधूनच, सीआयवर तयार व्हावं, प्रकाशनाचा अधिकार कमीत कमी सहा महिने आणि दोन जुन्या मेंटेनरांच्या संमतीनंतर मिळावा.

15. मोठी पुनर्रचना या जुन्या मॉड्यूलपाशी अडली आहे. कुणी नमतं घ्यायचं?

ज्यांना ते ठेवायचंय त्यांनी काम उचलावं, पण त्यांना वेळ मिळायला हवा. चार ते सहा आठवड्यांची मुदत द्या आणि नेमकं काय बदलावं लागेल ते लिहून द्या. कुणीच पुढे आलं नाही तर काढा. कर्नलने 386 प्रोसेसरचा आधार 3.8 मध्ये, 2013 ला सोडला, कारण त्याच्यासाठीची गुंतागुंत इतरांना वाहावी लागत होती. इटेनियम या प्रोसेसरचा आधार 6.7 मधून, 2024 च्या जानेवारीत गेला. दुसऱ्याच्या कामावर ओझं पडत नसेल तर मात्र घाई करू नका: कोपऱ्यात स्वतंत्र बसलेला, चाचण्या असलेला कोड स्वस्तात सांभाळता येतो.

16. कधीच काढू नये असं काही असतं का?

होय, जुन्या फाईली वाचणारा कोड. जुन्या स्वरूपात लिहिणं बंद करा, वाचणं चालू ठेवा. लोक दहा वर्षांनी बॅकअप उघडतात आणि तेव्हा त्यांच्याकडे दुसरा उपाय नसतो. वाचणारा भाग प्रश्न 8 प्रमाणे कडक तपासा. तो फारच जड झाला तर जुन्यातून नव्यात नेणारं एक वेगळं छोटं साधन करा आणि त्याची चालणारी आवृत्ती डिपेंडन्सींसह जपून ठेवा.

17. सगळं रीतसर करून काढलं, आणि आता निपाणीहून एकाचा मेल आला की त्याचं काम थांबलं आहे. काय करू?

पहिल्याच उत्तरात त्याला शेवटची चालणारी आवृत्ती आणि ती बसवायची आज्ञा द्या, म्हणजे त्याचं आजचं काम सुटेल. मग इशारा त्याच्यापर्यंत का पोचला नाही ते विचारा. बहुतेक वेळा तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममार्फत तुमचा कोड वापरत असतो. त्या प्रोग्रामच्या मेंटेनरला कळवा. अशी दोन-तीन पत्रं आली तर काढण्याचा कमिट उलटवा, त्यात कमीपणा नाही. एकच असेल तर कोड वेगळ्या पॅकेजात काढून, मूळ लायसन्स आणि कॉपीराइटच्या ओळी तशाच ठेवून, चाचण्यांसह त्याला द्या, आणि पहिल्या प्रकाशनाला बरोबर बसा.